तीनशेपर्यंतचे आकडे

कपडे रंगवून देणाऱ्या त्या दुकानात काकांचं खरं नाव कुणी घेत नसे. सगळ्या गल्लीचे ते तीनशेकाका. फिकट रंगाचं कापड उकळत्या हंड्यात सोडायचं आणि मनात एक ते तीनशे मोजायचं, ही त्यांची पद्धत. तीनशे म्हणजे पाच मिनिटं, की कापड बाहेर. मध्येच कुणी हाक मारली तर ते नुसतं बोट वर करत. मुलगा झाल्याचा निरोप आला तेव्हा आकडा एकशेऐंशीवर होता. तीनशे पुरे करूनच ते हात पुसत दवाखान्यात गेले, आणि ते बायकोने त्यांना आजतागायत ऐकवलं.

या कामात डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. ओलं कापड गडदच दिसतं, खरा रंग वाळल्यावर कळतो. म्हणून सगळी मदार मोजण्यावर. भिंतीवरचं घड्याळ वाफेने कायम घामेजलेलं असे, पण चाळीस वर्षांत काकांचं त्यावाचून काही अडलं नव्हतं.

मग एक दिवस नेहमीच्या हॉटेलच्या मॅनेजरने दहा टेबलक्लॉथ परत आणून टाकले. शेजारी जुना एक पसरला.

"काका, आमचा रंग आकाशी. हा कुठला?"

काकांनी रंगाच्या भुकटीवर खापर फोडलं. मुलाने नवी भुकटी आणली. पुढचे दहाही तसेच निघाले, चांगले गडद. मॅनेजर भला माणूस, आवाज न चढवता म्हणाला, "आता एकदाच बघतो. नाहीतर दुसरीकडे देईन." गडद रंगांचं काम कधीच मुलाकडे गेलं होतं. हॉटेल सुटलं की फिकट रंगांचा हंडा विझणार, आणि काकांना दुसरं काही येत नव्हतं.

शंका मुलाला आली, पण बापाला तोंडावर सांगणार कोण? रविवारी त्याने खेळ म्हणून काकांच्या नातीच्या हातात वेळ मोजायला मोबाइल दिला. काकांनी डोळे मिटून तीनशे मोजले आणि "झालं" म्हणाले.

"आजोबा, सहा मिनिटं दहा सेकंद."

"मोबाइल बिघडलाय."

पुन्हा मोजलं. सहा मिनिटं पाच. मग नातीची पाळी. पाच मिनिटं झाली की सांग म्हटलं, तर चार मिनिटांतच तिने "संपली, मला कंटाळा आला" म्हणून जाहीर केलं. काका हसले नाहीत. त्यांनी आकडे भराभर म्हणून पाहिले, तर साडेतीन मिनिटांतच तीनशे झाले. मधला वेग काही केल्या हाताला लागेना.

"वय झालं की असं होतं म्हणे," मुलगा चाचरत म्हणाला. "आतलं घड्याळ मंद चालतं, म्हणून बाहेरचं पळतंय असं वाटतं."

"म्हणून होय? तू परवाच शाळेत जायला रडत होतास."

"बाबा, त्या परवाला तीस वर्षं झाली."

काकांना राग आला, पण काढायचा कुणावर? दुसऱ्या कुणी खोडी केली असती तर चार शब्द सुनावता आले असते. इथे तर स्वतःचंच डोकं दगा देत होतं, आणि दगा देताना कळूही देत नव्हतं.

सोमवारी मुलगा म्हणाला, "आकाशी मी काढतो." काका म्हणाले, "एकदा मला करू दे." मुलाने मोबाइलवर पाच मिनिटं लावली. काकांनी कापड सोडलं, दांड्याने ढवळत मोजू लागले. जितकं चोख मोजता येईल तितकं मोजलं. दोनशे त्रेचाळीसला घंटी वाजली.

"अजून सत्तावन्न राहिलेत," काका म्हणाले.

"काढा, बाबा."

काढलं. मनाविरुद्ध, कच्चं राहिलं अशी पक्की खात्री असताना काढलं. दुपारी वाळलेलं कापड मुलाने जुन्या टेबलक्लॉथवर ठेवलं. तसूभरही फरक नव्हता. मुलाचा जीव भांड्यात पडला, आणि काका मात्र त्या कापडाकडे बघत मटकन स्टुलावर बसले. कापड कच्चं निघालं असतं तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं.

"मला खरंच वाटत होतं रे, अजून वेळ आहे," ते म्हणाले.

मुलाने पुढचं कापड बापाच्या हातात दिलं आणि पुन्हा पाच मिनिटं लावली.