‘आहे’ ही छपाईची चूक

आमच्या मलकपेठेतल्या वाचनालयात मराठी पुस्तकं हिंदीच्या कपाटात राहतात, कारण लिपी एकच. पोटभाडेकरूसारखी गुपचूप राहत होती बिचारी. यंदा छाटणी निघाली. जे पुस्तक कोणी नेत नाही ते बाद, ज्याची छपाई सदोष तेही बाद.

आईची रहस्यकथा मी मुदत वाढवायला म्हणून टेबलावर ठेवून आलो होतो. तिला आता दिसत नाही, रोज दुपारी मीच वाचून दाखवतो. शेवटचं प्रकरण तेवढं राहिलं होतं, आणि खुनी कोण या काळजीनं तिनं अन्न टाकलं होतं. म्हणजे जेवत होती, पण चिडून.

दुसऱ्या दिवशी जातो तर पुस्तक रद्दीच्या पोत्यात! वर शिक्का, ‘बाद’.

“कायकू?” मी विचारलं.

ग्रंथपालबाई तेलुगू. त्यांनी तक्रारवही पुढं केली. कुणी हिंदी वाचकानं लिहिलं होतं, ‘है’च्या जागी दर वेळी ‘आहे’ छापलंय, आणि ‘ल’ तर जागोजागी मोडून ‘ळ’ केलाय.

“हर पन्ने पे गलती है, साब. चार पोते ऐसेच निकले.”

मी असा ओरडलो की शेजारच्या रेसकोर्सवरचे घोडे शर्यतीआधीच सुटले. “मॅडम, ये गलती नहीं, मराठी है! निजामाच्या राज्यात आमच्या चार पिढ्या हीच गलती करत नांगर हाकत आल्या!”

“अलग जबान है? पढके सुनाओ.”

उभ्या उभ्या शेवटचं प्रकरण सुरू केलं. पेपर वाचणारे उठून भोवती जमले. डिटेक्टिव्हनं बोट उचललं आणि मी पुस्तक मिटलं.

“फिर? कौन मारा?” बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

“पहले मराठी करके चढाओ, फिर बोलतूं.”

संगणकात भाषा चारच: तेलुगू, उर्दू, हिंदी, इंग्रजी. बाईंनी शिक्का खोडला आणि पेनानं लिहिलं ‘मराठी’, तेही तेलुगू अक्षरांत. मग मी खुनी सांगितला.

“अय्यो! मेरेकू दिवाण पे शक था,” त्या म्हणाल्या.

“आणि ही पोती?”

“वो रद्दीवाला कल ले जाता, साब. कंप्यूटर में मराठीच नहीं.”

आईला खुनी ऐकवला, ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी कुलूप उघडायच्या आधीच मी दारात उभा होतो. रद्दीवाला आला. मी पहिल्या पोत्यावर बसलो आणि हाताला लागेल ते पुस्तक काढून मोठ्यानं वाचायला लागलो.