खिडकीपुढची मांडणी

माझ्या थोरल्या नणंदेचा, म्हणजे आमच्या वन्संचा, आवाज कधी चढलेला कोणी ऐकला नाही. भाजीवाल्याने पिशवीत नासके टोमॅटो टाकले तरी "असू दे, त्यालाही पोट आहे" म्हणणाऱ्या त्या. एका मोठ्या लाँड्रीत इस्त्री करतात. हॉटेलांच्या चादरी, उशांचे अभ्रे, दिवसभर नुसती वाफ. त्या खोलीला एकच खिडकी. नव्या मॅनेजरने इस्त्रीच्या चादरी ठेवायला लोखंडी मांडणी आणली आणि नेमकी खिडकीपुढेच उभी केली. वाफ कोंडली. थोड्याच दिवसांत शेजारच्या टेबलावरची पोटुशी पोरगी इस्त्री हातात असतानाच घेरी येऊन खाली बसली.

तेव्हा सगळ्याजणींनी वन्संना पुढे केलं. का, तर त्या वयाने मोठ्या आणि गोड बोलणाऱ्या. ते गोड बोलणंच नडलं. वन्संनी सगळं नीट मांडलं, मॅनेजरने मान डोलावली, आणि उठता उठता या म्हणाल्या, "अर्थात, तुमच्या सोयीनं बघा." त्याने आपली सोय बघितली. मांडणी जागची हलली नाही.

हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी शेंगा सोलत होते.

"असं कसं म्हणालात, वन्सं?"

"अगं, तोंडातून गेलंच. नुसतं मागून उठायचं, बरं दिसतं का?"

"दिसतं. आता मी मॅनेजर. मागा."

वन्संनी पदर सावरला. "साहेब, मांडणी हलवा. पोरीला घेरी येते."

"बघू," मी नाक वर करून म्हटलं.

"बघा हं, घाई नाही तशी..."

मी एक शेंग फेकून मारली.

"तू देवापुढे बसतेस तेव्हा 'तुझी इच्छा' म्हणतेसच ना?" वन्सं चिडल्या.

"म्हणते. पण देवाने माझ्या खिडकीपुढे मांडणी लावलेली नाही!"

दोघीही हसलो, पण मी ते मनापासून बोलले होते. देवाच्या इच्छेपुढे मान लववावी. मॅनेजरच्या सोयीपुढे वाकायचं आणि त्याला नम्रपणा म्हणायचं, हे देवालाही आवडणार नाही. मग पुन्हा मागणं, पुन्हा शेंग. शेवटी ठरलं, की मागणं एकदा सांगायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. तो देईल ते आपण मागितलं तेच आहे का, एवढंच बघायचं.

दुसऱ्या खेपेला वन्सं म्हणाल्या, "मांडणी खिडकीपुढून हलवा." आणि गप्प. मॅनेजर पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. ते आलंच नाही. तोच अवघडला.

"पंखा देतो एक."

"पंखा तीच वाफ फिरवेल."

"बरं, त्या मुलीला काउंटरवर बसवू. तुम्हीही बसा हवं तर, वय झालं तुमचं."

इथे जीभ वळवळली होती, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. पण म्हणाल्या, "वय माझं एकटीचं झालंय, गुदमरतोय सगळ्याच. मांडणी तिथेच का लागते तुम्हाला?"

"नाहीतर चादरी ठेवायच्या निमित्ताने तुम्ही सगळीकडे भटकाल."

"मग दाराबाहेरच्या भिंतीला लावा. केबिनच्या काचेतून प्रत्येकीचं येणं-जाणं दिसेल तुम्हाला."

"तिथून गिऱ्हाइकं जातात, बरं दिसत नाही. विषय संपला."

"आमचा नाही संपला. उद्या आम्ही टेबलं बाहेर काढून इस्त्री करू."

आणि केली! सकाळी वायरी ओढून टेबलं दाराबाहेरच्या बोळात. गिऱ्हाइकं अंग चोरून जायला लागली. मॅनेजर धावत आला. "हा काय तमाशा?"

"काम चाललंय, साहेब. बंद कुठे केलंय?"

एवढ्यात एका गिऱ्हाइकाने आपलं गाठोडं पोटुशीच्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "आता इथेच द्यायचे का कपडे?" पोरगी फिसकन हसली. दुपारी मांडणी बाहेरच्या भिंतीला लागली, टेबलं आत गेली आणि खिडकी उघडली.

"एवढ्याशा गोष्टीसाठी केवढा घोळ घातलात!" तो म्हणाला.

"एवढीशी होती, तर पहिल्याच दिवशी करायची," वन्सं म्हणाल्या.

हे त्याला झोंबलं. त्याने वन्संना खिडकीपासून सगळ्यात लांबचं टेबल दिलं, बॉयलरच्या पाइपाशेजारचं. मी संतापले. म्हटलं, "पुन्हा जा, भांडा."

"गेले असते. पण दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर माझ्या जागी आमच्यातली ती चष्मेवाली उभी. म्हणते, आज मी, उद्या ही, परवा ती. पोटुशी तेवढी खिडकीशी, बाकी सगळ्यांनी जागा फिरवायच्या."

"आणि मॅनेजर?"

"त्याला विचारायला यावेळी कोणी गेलंच नाही."