मालकाच्या रकान्यातलं नाव

लॅपटॉपने पहिल्यांदा मला 'या फाईलसाठी आपल्याला परवानगी नाही' असं सुनावलं, तेव्हा मला हसू आलं. पत्रिका मी बनवलेली, गणपतीच्या सोंडेवर सोनेरी रंग मी चढवलेला, आणि हे डबडं मलाच दारात अडवत होतं. पण हे रोजचंच झालं तेव्हा हसू कुठल्या कुठे पळालं.

सोनईत घरबसल्या मी लग्नपत्रिका बनवते. लॅपटॉप मुळात ह्यांचा. ठिबकच्या पाळ्या त्यात टिपायच्या म्हणून मोठ्या हौसेने आणला आणि हौस फिटल्यावर माझ्याकडे सरकवला. लॅपटॉप विकणाऱ्याने त्यात दोन खाती करून दिली होती, एक ह्यांच्या नावाचं आणि एक माझ्या. पण माझ्या नावाच्या खात्यात पत्रिकांचा फोल्डर काही केल्या उघडत नसे. मग मी व्हिडिओ बघून रीत शिकून घेतली. फोल्डरवर क्लिक करायचं, सुरक्षेच्या पानावर जायचं, 'मालक' असं लिहिलेल्या रकान्यात नाव भरायचं आणि ठीक आहे म्हणायचं. सगळं मराठीत दिसेल असं करून घेतलं होतं, त्याची मला कोण ऐट! रकाना मी इमानेइतबारे भरायचे, तरी फाईल ढिम्म हलायची नाही.

शेवटी ह्यांना रानातून हाक मारायची. हे चिखलाचे पाय धुऊन यायचे, फक्त त्यांनाच ठाऊक असलेला पासवर्ड टाकून स्वतःच्या खात्यातून फाईल उघडायचे, पेनड्राईव्हवर घालून द्यायचे आणि वर म्हणायचे, "कशाला हाय ही कटकट? तुजं काम म्हंजी मला डब्बल काम." हे जिव्हारी लागायचं. कारण ते खरं होतं.

त्या दिवशी शिंगणापूरचे एक दुकानदार सकाळीच ओट्यावर येऊन बसले. त्यांच्या मुलीची पत्रिका म्हणजे गावाबाहेरचं माझं पहिलं काम. ती छापायला जायच्या तयारीत होती, आणि तेवढ्यात कळलं की निमंत्रकांत मुलीच्या थोरल्या चुलत्याचं नावच राहिलंय.

"वहिनी, थोरलं भाऊ रुसून बसलेत," ते रडकुंडीला येऊन म्हणाले. "पत्रिकेत नाव न्हाई तर मांडवात पाय ठेवनार न्हाई म्हनत्यात. बापामागं त्यांनीच वाढिवलंय मला. कन्यादान त्यांच्याच हातनं करायचं हुतं हो!"

छापखान्यात फाईल दुपारच्या आत पोचली तरच पत्रिका वेळेत मिळणार होत्या. पेनड्राईव्ह ह्यांच्या खिशात राहिलेला, पत्रिका नव्याने मांडायची तर दोन दिवसांचं काम. आणि हे कांदा घेऊन घोडेगावच्या बाजारात, तिथल्या गलक्यात फोन कसला ऐकू येतोय! मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. लॅपटॉप आपला एकच पाढा म्हणत होता, परवानगी नाही, परवानगी नाही. उचलून विहिरीत टाकावा असं वाटलं.

दुकानदारांनी विचारलं, "मालक कुठं गेलेत?"

"बाजारला."

"मंग आता मालक आल्याबिगर काय हुनार न्हाई व्हय?"

"नाही होणार," म्हणता म्हणता माझी नजर पडद्यावर गेली. तिथे लिहिलं होतं, मालक, आणि पुढे ह्यांचं नाव.

ते नाव मीच भरलेलं होतं. एकदा नाही, दर वेळी! लग्न होऊन आल्यापासून या घरात मालक म्हणजे हेच. ट्रॅक्टरवाला विचारतो, मालक हायेत का. मी सांगते, मालक रानात गेलेत. लॅपटॉपनेही तेच विचारलं आणि मीही सवयीने तेच सांगितलं. तो बिचारा हुकमाचा ताबेदार. मालक सोडून दुसऱ्या कुणाला तो आत कसा घेणार? मी एवढ्या मोठ्याने हसले की दुकानदार उठून उभेच राहिले.

"काय झालं हो वहिनी?"

"मालक सापडला," मी म्हटलं.

ह्यांचं नाव खोडून मी माझं लिहिलं. खोटं कशाला सांगू, परक्याच्या ताटात हात घातल्यासारखं वाटलं. मग आठवलं, ताट माझंच आहे. फोल्डरच्या आतल्या झाडून सगळ्या फायलींना हाच मालक, अशी खूण केली, माझ्या नावाला सगळे अधिकार दिले, आणि रागाच्या भरात ह्यांच्या नावापुढच्या साऱ्या खुणा काढून टाकल्या. पत्रिकेवर क्लिक केलं. उघडली! कुणाला हाक न मारता उघडली. मला आनंदाने रडूच आलं. थोरल्या चुलत्यांचं नाव मी सगळ्यांच्या वर बसवलं आणि फाईल छापखान्याला धाडली. दुकानदारांनी ओट्यावरूनच भावाला फोन लावला. पलीकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही, पण ते उपरण्याने डोळे पुसत गाडीवर बसले.

हे दिवस मावळायच्या आत परतले. मी सगळं सांगितलं, फक्त मालकाची गोष्ट सोडून. "दाखव की पत्रिका," म्हणत त्यांनी स्वतःच लॅपटॉप ओढला आणि आपलं खातं उघडलं.

"आगं, ह्यो मला परवानगी न्हाई म्हनतोय!"

"मालकाला विचारा."

"मालक मीच की!"

मी सुरक्षेचं पान उघडून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी रकाना वाचला. माझ्याकडे बघितलं, परत वाचला. मग मिशीतल्या मिशीत हसत हात जोडले आणि म्हणाले, "बरं मालक, द्या आता परवानगी."

दिली. वाचायची दिली, बदलायची नाही.