पहिल्या झटक्यात ओवलेली सुई

गल्लीत त्यांना लाटसाहेब म्हणत. धंदा रफूचा, दुकान सहा फुटी आणि मिजास मात्र राजवाड्याची, याबद्दल गल्लीचं एकमत होतं. कडेनं जाणाऱ्यानं हसून मान डोलवली, हात केला, तरी हे आपले नाकासमोर बघून चालत. वडीलही तसेच होते. आजोबा तर एकदा भररस्त्यात सख्ख्या मेहुण्याला ओळख न दाखवता पुढे गेले आणि तिसऱ्या पावलाला उभ्या हातगाडीवर आदळले. गर्वाचं घर खाली, म्हणून लोक पोट धरून हसले. मेहुण्यानं पुढं जन्मभर अबोला धरला.

"रक्तातच आहे त्यांच्या," असं गल्ली म्हणे. पुढे विज्ञानानंही तेच सांगितलं. फक्त रक्तात काय आहे, याबद्दल मतभेद निघाला.

दुकानात एक टेबल, एक लोंबता दिवा, भिंतीला रंगांच्या छटांप्रमाणे लावलेल्या रिळांचे खण. शेजारच्या गाळ्यात इस्त्रीवाला. गिऱ्हाईक जळक्या सिगारेटचं भोक पडलेला कोट आणून टाकी. लाटसाहेब शिवणीच्या आतून त्याच कापडाचे धागे उसवून काढत आणि एकाखालून एक, एकावरून एक घालत भोक बुजवत. चार दिवसांनी गिऱ्हाईक भोक शोधत बसे आणि सापडलं नाही की पैशाला कुरकुर करी, कारण न दिसणाऱ्या कामाचे पैसे द्यायला कोणाला आवडतं? एवढं बारीक काम करणाऱ्याच्या डोळ्यांत दोष असेल, अशी शंका घेणाराच वेडा ठरला असता.

शिवाय घराण्याची परीक्षा होतीच. सुयांची नवी पुडी फोडली की तिच्यातली सगळ्यात बारीक सुई घ्यायची, एकेरी रेशमी धागा घ्यायचा आणि पहिल्या झटक्यात ओवायचा. ओवला गेला तर डोळा शाबूत. आजोबांनी आधी स्वतःला असं तपासलं, मग वडिलांना, वडिलांनी यांना. तिघांपैकी कोणीही कधी नापास झालं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी एका दुपारी उजव्या डोळ्यात कसपट गेलं म्हणून त्यांनी तो दाबून धरला, आणि समोर उभ्या असलेल्या जोडप्यातली बायको नाहीशी झाली. नवरा होता. बायकोचा आवाजही येत होता. डोळा सोडला, बाई परत हजर.

"तुम्ही मध्येच कुठं गेला होता का हो?" त्यांनी बाईंना विचारलं. बाई नवऱ्याकडे बघत राहिल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी यंत्रं लावली, रक्त घेतलं, आणि रिपोर्ट आल्यावर नीट बसवून सांगितलं. काचबिंदू. घराण्यातून आलेला.

"डोळ्याच्या आत पाणी तयार होतं. ते बुबुळाच्या कडेला असलेल्या एका जाळीतून झिरपून बाहेर जातं. त्या जाळीतल्या पेशी मायोसिलिन नावाचं एक प्रथिन तयार करतात. ते कसं करायचं याची कृती तुमच्या जनुकात लिहिलेली असते. तुमच्याकडे त्या कृतीत एक अक्षर चुकलंय."

"एकच?"

"एकच. पण त्यामुळे प्रथिनाची घडी नीट पडत नाही. घडी चुकलेला माल पेशीला बाहेर टाकता येत नाही. तो आतच साठतो, पेशी गुदमरतात, जाळी तुंबते, पाणी अडतं, दाब वाढतो. त्या दाबानं डोळ्यामागच्या नसेतले धागे मरतात. कडेची नजर आधी जाते, मधली शेवटी. म्हणून माणसाला कळत नाही."

"धागे किती असतात?"

"दहा-बारा लाख."

लाटसाहेब धंद्याच्या सवयीनं पुढे झुकले. "मग त्यातले थोडे दुसरीकडून काढून..."

"नाही हो," बाई म्हणाल्या. "त्याचं रफू होत नाही. गेलं ते गेलं. उरलंय ते थेंबांनी राखायचं. मुलं किती?"

"एक मुलगी. एकवीस वर्षांची. माझ्याच हाताखाली शिकते."

"निम्मी शक्यता आहे, नाणं उडवल्यासारखी. तिला तपासून घ्या. लवकर कळलं तर तिची नजर वाचते."

गल्लीत बातमी पोचली तेव्हा इस्त्रीवाला म्हणाला, "घडीच चुकली होती तर माझ्याकडं द्यायचं ना साहेब! एका वाफेत बसवून दिली असती." लाटसाहेबही हसले. हसण्यासारखं तेवढंच होतं.

मुलीची तपासणी मात्र त्यांनी एक दिवसही लांबवली नाही. त्याच संध्याकाळी नवी पुडी फोडली, बारीक सुई काढली, एकेरी धागा दिला. तिनं बोलता बोलता ओवला.

"बाबा, याहून बारीक नाही का?"

पुढच्या खेपेला बाईंनी विचारलं, "मुलीला तपासलं?"

"तपासलं. एकदम शाबूत."

बाईंना वाटलं, दुसऱ्या कोणा डॉक्टरकडे नेलं असेल. त्यांनी तसं कागदावर लिहून टाकलं. खोटं कोणीच बोललं नव्हतं.

बारा वर्षं गेली. थेंब घालूनही लाटसाहेबांची नजर आक्रसत आक्रसत रुपयाएवढी राहिली, मग तीही धुरकट झाली. दुकान लेकीनं सांभाळलं. तिचं लग्न झालं, मुलगी झाली, ती सात वर्षांची झाली. बाप स्टुलावर बसून बोटांनी कापड ओळखायचा आणि गिऱ्हाइकाला भाव सांगायचा.

एके सकाळी इस्त्रीवाला दारातून ओरडला, "काय बाई, तुम्हीपण का? समोरून हात करतोय मघापासून, ढुंकून बघाल तर शपथ! साहेब, अभिनंदन! चौथ्या पिढीला मिजास आली हो!"

लेक हसली. "अहो, कामात होते. कुठल्या बाजूला होता तुम्ही?"

"उजवीकडं. चार हातांवर."

लाटसाहेब हसले नाहीत. त्यांनी हातातलं कापड खाली ठेवलं आणि म्हणाले, "दुकान बंद कर."

"अहो बाबा, आत्ता तर उघडलंय."

"बंद कर म्हणतो ना."

दवाखान्यात कळलं, लेकीच्या उजव्या डोळ्याची अर्ध्याहून अधिक नजर गेली होती, डाव्याची जायला लागली होती. अक्षर तेच, चूकही तीच, हे रक्तानं पुढे महिन्यानं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी जुना कागद काढला.

"इथं लिहिलंय, मुलीला तपासलं म्हणून. तुम्हीच सांगितलं होतं."

"तपासलं होतं."

"कोणी?"

"मी."

"कशानं?"

लाटसाहेबांनी सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, "सुई मधल्या नजरेनं ओवतात हो."

परतीच्या वाटेवर लेकीनं बापाचा हात धरला होता. ती म्हणाली, "पहिल्या झटक्यात ओवली होती ना मी?"

"हो."

"मला आठवतंय. तुम्ही किती खूश झाला होता."

तिच्या आवाजात राग असता, तर त्यांना बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात ती आपल्या मुलीला घेऊन दवाखान्यात गेली. पुन्हा तेच निम्मं-निम्मं. लाटसाहेब दुकानात एकटे राहिले. मग खण चाचपून नवी पुडी काढली, सगळ्यात बारीक सुई निवडली, धाग्याचं टोक चिमटीत धरलं आणि त्यावर सुईचं नेढं टेकवलं. दिवा लावलेला नव्हता. लावूनही काही फरक पडणार नव्हता. तरी त्यांनी डोळे मिटून घेतले.

सुई पहिल्या झटक्यात ओवली गेली.

त्यांनी दुसरी घेतली. तीही. मग तिसरी. पुडीत दहा होत्या.

लेक नातीला घेऊन परतली तेव्हा टेबलावरच्या गादीत दहा सुया एका ओळीत टोचलेल्या होत्या, प्रत्येकीत धागा.

"या कोणी ओवल्या?"

"मी. डोळे मिटून."

ती ओवलेल्या सुयांकडे बघत राहिली. मग समोरच्या स्टुलावर बसली. पणजोबांची परीक्षा, आजोबांची परीक्षा, बापाची परीक्षा, तिची परीक्षा. ती आंधळ्यालाही देता येत होती, आणि बहुधा दोघा-तिघांनी तशीच दिली होती.

"डॉक्टर काय म्हणाल्या?" बापानं विचारलं.

"आज दाब ठीक आहे. रक्ताचा रिपोर्ट यायला महिना लागेल. काही निघालं, तरी लवकर कळेल म्हणाल्या."

लेकीच्या उजव्या बाजूला, दारात हातावर स्वेटर घेतलेलं एक जुनं गिऱ्हाईक उभं होतं. मान डोलवून झाली, हसून झालं. शेवटी त्यानं तोंड कडू केलं आणि तो निघायला वळला.

नातीनं आजोबांची बाही ओढली. "आजोबा, कोणीतरी आलंय."

"कुठं?"

"हे काय, इथंच. कडेला."