वाडग्यातली संजीवनी

माझं माहेर अजिंठ्याच्या डोंगरालगत. तिथल्या कातळावर संजीवनी उगवायची. तिला ना माती लागायची ना खत, दगडाच्या फटीत भागायचं. उन्हाळ्यात मूठ आवळल्यावानी करपून पडायची अन् पाणी लागलं की घटकाभरात हिरवीगार. गुरांमागं जाणाऱ्या आम्ही पोरी चूळ टाकूनसुद्धा तिला उघडायचो. आम्हाला त्याचं काय नवल?

सासर पिंपळगाव रेणुकाईचं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वरसं झाली होती. नणंद पहिल्या बाळंतपणाला आल्ती, तर सासूबाईंनी, आत्याबाई म्हणायचो आम्ही त्यांना, बाजारातल्या वैदूकडून वाळकी संजीवनी आणून ठेवली. कळा सुरू झाल्या की ती पाण्यात घालून उशाशी ठेवायची. ती उमलते तशी बाई मोकळी होते, म्हणायचे. मी म्हणलं, आत्याबाई, ती कुठंही उमलते, तिला निस्तं पाणी लागतं. माहेरचं शहाणपण माहेरीच ठेव, म्हणाल्या. बोलून चालून सून मी.

वैशाखातली सकाळ. कळा सुरू झाल्या, सुईण आली, संजीवनी वाडग्यात पडली आणि न्याहारीच्या आत उमललीसुद्धा. घरभर आनंद! आता घटकेचा खेळ, मंग भोकरदनच्या दवाखान्याला गाडी जुंपायची कशाला? मी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, बैल जुंपा. त्यांनी आईकडं पाह्यलं आणि हुंबऱ्यावर बसून राह्यले.

ऊन डोक्यावर आलं, तरी काही न्हाई. नणंदेचे ओठ फुटले होते. ती वाडग्याकडं एकटक बघायची. माझा हात धरून म्हणाली, "वैनी, तिला पाजलं तेवढं तरी मला पाज."

मी तांब्या उचलला, तर आत्याबाईंनी तो हातातून काढून घेतला. अडलेल्या बाईला पाणी दिलं की कळा थंडावतात, म्हणाल्या. सुईणीनंही मान डोलावली. आत्याबाई तोंडानं असं म्हणत होत्या आणि पदरानं लेकीचा घाम पुसत होत्या, रडत होत्या. दुष्ट असत्या तर भांडले तरी असते मी. एवढी माया करणाऱ्या बाईशी भांडायचं कसं?

दिवस कलल्यावर एकदाचे बैल जुंपले. गाडी वेशीपाशी पोचली न पोचली, तोच माझ्या मांडीवर तिची मान कलली. पोटातलं पोटातच राह्यलं. तसेच माघारी फिरलो.

तिला जमिनीवर निजवलं. शेवटचं पाणी घाला, कुणीतरी म्हणलं. आत्याबाईंच्या हाताशी तो वाडगाच होता. संजीवनी बाजूला सारून त्यांनी त्यातलंच पाणी ओंजळीत घेतलं आणि लेकीच्या तोंडाला लावलं.

"पी गं बाई," म्हणाल्या, "पी आता पोटभर."

पाणी ओठाच्या कडेनं खाली सांडत राह्यलं. आत्याबाई पुन्हा पुन्हा ओंजळ भरत राह्यल्या.