पहिली सही

चिंचवडात कारखाने वाढत होते, तेव्हा वस्तीतून ट्रक नेण्यावर बंदी घाला, असा अर्ज मी लिहिला. त्यावर पहिली सही केली ती ट्रक दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीनं. मला नवलच वाटलं.

माणूस कमी बोलायचा. धूर बघून इंजिनाचं दुखणं ओळखायचा. "तेल पितंय," एवढंच म्हणून गाडीखाली शिरायचा. रोज सकाळी मात्र दारातल्या कडुनिंबाच्या पानावर बोट फिरवून काजळी बघायचा.

बंदी आली आणि महिनाभरात त्याचं गिऱ्हाईक तुटलं. मी त्याच्या दारावरून सायकलनं लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कामाला निघालो, की तो नुसता बघत राहायचा. माझे पाय आपोआप जोरात चालायचे.

एक दिवस त्यानं हँडलच धरलं. आता शिव्या देणार, असं वाटलं. त्यानं पान तोडलं आणि माझ्यादेखत बोट फिरवलं. बोट काळंच.

"ट्रक तर बंद झाले, राव. मंग ही काजळी कुणाची?"

त्याच्या मागं आमच्या फाउंड्रीचं धुराडं काळा धूर ओकत होतं. मी खाली बघितलं.

"नवा अर्ज लिवा," तो हळू म्हणाला. "पयली सही तुमची."