दोरीपलीकडची अन्नपूर्णा

कलादालनाच्या पांढऱ्या भिंतीवर जुने पितळी देव ओळीने मांडले होते आणि प्रत्येकाच्या गळ्यात किमतीची चिठ्ठी होती. श्रद्धेचा बाजार मांडणाऱ्यांवर चित्रकाराने केलेली ही टीका आहे, असं शेजारी लिहिलं होतं. मला ते पटलंही. तेवढ्यात आई म्हणाली, "अगं, ही आपली अन्नपूर्णा!"

आईने लग्नात माहेरहून आणलेली, घासून घासून नाक झिजलेली. तिचा पळीचा हात तुटला तेव्हा भंगलेली मूर्ती पुजू नये म्हणून आईने ती याच चित्रकाराकडे दिली होती. असे देव गोळा करत तो आमच्या गल्लीत आला होता. "मावशी, मी नदीत सोडतो," म्हणाला होता. आईने तर वाटेची शिदोरी म्हणून दहीभातही बांधून दिला होता.

बाजार मांडणारे निदान दुकानाची पाटी तरी लावतात.

आईने दोरीवरून हात पुढे केला. रखवालदार म्हणाला, "आजी, हात लावू नका."

"अहो, रोज आंघोळ मीच घालत होते हिला."

त्याने दोरी सरळ केली. आई मागे सरली, चपला काढल्या, आणि आपल्याच देव्हाऱ्यातल्या देवीला तिने पहिल्यांदा लांबून नमस्कार केला.